पदर, टॉवेल आणि लाल डोळा

मैत्रिणींनो, २०२३ सालचा अधिक महिना आठवतो का तुम्हाला? १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि १६ ऑगस्टपर्यंत घरोघरी नुसती धांदल होती. लेकी-जावयांना बोलावणी, पुरणाचे धोंडे, अनारसे, दीपदान. तीन वर्षांनी येणारा महिना, त्यामुळे हौसही तेवढीच! आमच्याकडेही नणंदेची लेक आणि जावई जेवायला आले. बरोबर त्यांचा चार वर्षांचा मुलगा. गाडीतून उतरला तोच एक डोळा चोळत. डोळा लाल, कडेला चिकट पाणी.

"आलं गं माझं सोनं," म्हणत सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं आणि पदराच्या टोकानं त्याचा डोळा पुसला. थोड्या वेळानं दुसरा नातू रडत आला. त्याचेही डोळे त्याच पदरानं पुसले. जेवणं झाली, मोरीजवळच्या खिळ्यावर एकच टॉवेल लटकत होता. बारा माणसांनी हात-तोंड धुतलं आणि त्यालाच पुसलं. मी स्वतः तो टॉवेल तिथं अडकवला होता, दुसऱ्या कुणाला कशाला बोल लावू?

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा डोळा लाल झाला. चौथ्या दिवशी माझ्या धाकट्याचा. आठवडा संपायच्या आत आमच्या घरात डोळे न आलेलं माणूस शोधावं लागत होतं. सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरानं बघितलं ना सगळ्यांकडे, त्याचीच बाधा." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण बाधा त्याच्या नजरेची नव्हती, बाधा होती त्या पदराची आणि त्या टॉवेलाची. मायेनंच साथ घरभर फिरवली होती.

त्या पावसाळ्यात हे फक्त आमच्याच घरी झालं असं नाही. जुलैमध्ये आळंदीतल्या शाळांमधून मुलांचे डोळे येऊ लागल्याच्या बातम्या आल्या. बघता बघता साथ राज्यभर पसरली. ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त रुग्ण बुलढाणा जिल्ह्यात होते, म्हणजे आपल्या जिंतूरपासून फार लांब नाही. राज्याचा आकडा लाखाच्या वर गेला. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठंही जा, एस.टी.त काळे चष्मे लावलेली माणसं दिसायची. कोरोनात जसे मास्क, तसे तेव्हा गॉगल!

आणि ही साथ काही आजची नाही. १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात डोळ्यांची अशीच मोठी साथ सुरू झाली. त्याच वर्षी माणूस अपोलो यानातून चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी त्या साथीला 'अपोलो' असंच नाव देऊन टाकलं. पुढे १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या काळात ती कोलकत्यात पसरली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'जय बांगला' म्हटलं. नावं दर वेळी नवी, पण डोळा तोच आणि पसरण्याची रीतही तीच.

ती रीत आधी नीट समजून घेऊ या. पावसाळ्यात येणारी डोळ्यांची साथ बहुतेक वेळा विषाणूंची असते. डोळ्यातलं पाणी हाताला लागतं. तो हात दाराच्या कडीला, मोबाईलला, नळाच्या तोटीला, एस.टी.च्या दांड्याला लागतो. दुसऱ्याचा हात तिथं पडतो आणि तोच हात आपल्या डोळ्याला जातो. झालं! टॉवेल, उशी, रुमाल, काजळाची डबी, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, हे सगळे त्याचेच रस्ते. यातले काही विषाणू कोरड्या वस्तूवरही काही दिवस टिकून राहतात. पण नुसतं बघितल्यानं डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्यानं उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात सारखा डोळ्याला जात नाही, एवढाच त्याचा फायदा. चष्मा लावला म्हणून घरातले वाचतात असं मुळीच नाही.

आता मुद्द्याचं बोलू. डोळे आल्यावर घरी काय करायचं?

साध्या विषाणूच्या साथीत डोळा आपला आपणच बरा होतो. आधी एका डोळ्यापासून सुरुवात होते, एक-दोन दिवसांत बहुधा दुसराही लाल होतो. पाणी येतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी पापण्या चिकटतात. कधी कानाच्या पुढं बारीक गाठ लागते. आठवडाभरात बहुतेकांना उतार पडतो, काहींना दोन आठवडे लागतात. विषाणूला मारणारा थेंब मेडिकलमध्ये मिळत नाही. 'अँटिबायोटिक' असतं ते जिवाणूंसाठी. डोळ्यातून घट्ट पिवळा-हिरवा पू येत असेल तर जिवाणूंची शंका घ्यावी आणि थेंब कोणते ते डॉक्टरांनी ठरवावं. दोन्ही डोळ्यांना नुसती खाजच खाज असेल, शिंका येत असतील, दरवर्षी ठरावीक दिवसांत होत असेल, तर ती बहुधा अ‍ॅलर्जी असते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही.

म्हणजे घरचा उपचार हा खरं तर औषधाचा नाहीच, तो आहे पाण्याचा, हाताचा आणि कापडाचा. आणि ही तिन्ही खाती घरात कुणाकडे असतात? आपल्याकडेच!

आधी पाणी. तांब्याभर पाणी उकळा, झाकून निवू द्या. स्वच्छ कापसाचे बोळे करा, किंवा जुन्या सुती धोतराचे, साडीचे छोटे तुकडे धुऊन उकळून घ्या. बोळा पाण्यात भिजवून पिळा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. पुसला की तो बोळा टाकून द्या. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा. एका डोळ्याचा दुसऱ्या डोळ्याला नाही आणि एका मुलाचा दुसऱ्या मुलाला तर नाहीच नाही. सकाळी पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नका. कोमट पाण्याचा बोळा दोन मिनिटं वर ठेवा, चिकटा सुटतो. दिवसा आग होत असेल तर थंड पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी, फार बरं वाटतं. तीही ज्याची त्याचीच हं! लहान लेकरू घडी ठेवू देत नसेल तर ते झोपल्यावर ठेवा.

मग हात. डोळा पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर, दोन्ही वेळा साबणानं हात धुवायचे. तुम्ही म्हणाल, ताई, सांगायला सोपं आहे, आमच्या नळाला रोज पाणी कुठं येतंय? माहीत आहे मला. मीही ड्रम भरून ठेवणारी बाई आहे. पण हात धुवायला बादली लागत नाही, अर्धा तांब्या पुरतो. फक्त त्या तांब्यात किंवा टिपात हात बुडवू नका. दुसऱ्याला धार धरायला सांगा, नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून ती उलटी टांगा. बारीक धार येते, पाणीही वाचतं. भांडं बुडवून पाणी घेणं साथीच्या दिवसांत तरी बंद ठेवा.

आणि तिसरं कापड. डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, रुमाल वेगळा. घरात प्रत्येकाला वेगळा टॉवेल पुरत नसेल तर जुन्या साडीचे तुकडे कापा आणि प्रत्येकाला एक द्या. माझ्या मोठ्या मुलीनं तर त्या वेळी प्रत्येक तुकड्याला वेगळ्या रंगाचा दोरा घातला होता. लाल दोरा आजीचा, हिरवा बाबांचा. मुलांनाही गंमत वाटली आणि कुणी दुसऱ्याच्या कापडाला हात लावला नाही. हे तुकडे गरम पाण्यात साबणानं धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. पावसाळ्यात ऊन नसेल तर धुतल्यावर गरम इस्त्री फिरवा. उशीचा अभ्रा रोज बदला. बदलायला दुसरा नसेल तर उशीवर रोज स्वच्छ धुतलेलं कापड अंथरा.

आणि पदर? पदरानं लेकराचं तोंड पुसू नका असं सांगताना मलाच कसंतरी होतं. किती पिढ्यांचं बाळपण त्या पदरात गेलंय! पण दिवसभर चुलीपाशी, गोठ्यात, शेतात, बाजारात फिरलेला पदर डोळ्यासाठी नाही, एवढं तरी आपण मनाशी धरू या. पदराची सावली द्या, ऊब द्या, पण डोळा पुसायला धुतलेला तुकडाच घ्या.

लेकराला शाळेत पाठवायची घाई करू नका. डोळ्यातलं पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत घरी ठेवलेलं बरं. अंगणवाडीतही ताईंना सांगून ठेवा, लपवू नका. डोळे येणं ही काही लाजेची गोष्ट नाही. काजळ, सुरमा पूर्ण बंद. डोळे येण्याआधी वापरात असलेली काजळाची डबी सरळ फेकून द्या, तीस-चाळीस रुपयांकडे बघू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी लेन्स लगेच काढायच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टरांनी थेंब दिले तर बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. ज्याची बाटली त्याचीच. सील फोडून महिना झाला की उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या साथीसाठी फ्रिजमध्ये जपून ठेवायचं नाही.

आता डोळ्यात काय घालू नये, हे सांगायलाच हवं. आपल्याकडे डोळे आले की गल्लीतली प्रत्येक बाई एकेक औषध सांगते. मध घाला, कांद्याचा रस घाला, तुरटीचं पाणी घाला, बाळंतिणीचं दूध घाला, गुलाबपाणी घाला. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण डोळ्याचं बुबुळ ही फार नाजूक जागा आहे. तिथं तिखट, आंबट, गोड काही चालत नाही. घरातला मध, बाटलीतलं गुलाबपाणी आणि अंगावरचं दूध जंतुविरहित नसतं, त्यातून नवेच जंतू आत जायची भीती. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला रुमाल बऱ्याच घरांत वापरतात. रुमाल स्वच्छ असेल आणि फक्त बाहेरून पुसण्यापुरता असेल तर त्याला माझा विरोध नाही, पण हळदीचं पाणी डोळ्याच्या आत घालू नका. एक साधा नियम लक्षात ठेवा. डोळ्याच्या बाहेर स्वच्छ पाणी, डोळ्याच्या आत फक्त डॉक्टरांनी दिलेला थेंब.

इथपर्यंतचं तुम्ही आधीही कुठं ना कुठं वाचलं असेल. मीही वाचलं होतं. बचत गटाच्या बैठकीत मीच ते बायकांना सांगत होते. आणि तरीही त्याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच खरं तर आज हे लिहायला बसले.

आमच्या गटातली एक जण. रोजंदारीवर शेतात जाणारी, वय असेल पस्तिशीचं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, माझा बी डोळा आलाय. लई खुपतंय, काय करू?" मी पोळ्या लाटत होते. घरात सगळ्यांचे डोळे आलेले, गल्लीत सगळ्यांचे आलेले. मी काहीही न विचारता म्हणाले, "अगं, साथच आहे. उकळलेल्या पाण्यानं पूस, हात धू, सात दिवसांत जाईल." ती म्हणाली, "बरं ताई." आणि फोन ठेवला.

तिनं माझं अक्षर न् अक्षर ऐकलं. पाणी उकळलं, बोळे केले, मुलांपासून वेगळी झोपली. पण डोळा काही उतरेना. उलट दुखणं वाढलं. मग शेजारणीनं तिच्या घरी उरलेली थेंबांची बाटली दिली. ती घातल्यावर दोन दिवस लाली कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून तिनं आणखी घातली. नवव्या दिवशी ती माझ्या दारात आली, डोक्यावरून पदर घेऊन डोळा झाकलेला. उजेडाकडे तोंडच करवत नव्हतं तिला. पदर बाजूला केला तर बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका! माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

डोळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, "डोळ्याला काही लागलं होतं का?"

ती म्हणाली, "हो ना साहेब. उसात खत टाकताना पान लागलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून डोळा आला."

तो डोळा आला नव्हता मैत्रिणींनो, त्याला जखम झाली होती. उसाच्या पानाची धार बुबुळाला लागली, त्या चिरेतून बुरशी आत गेली. त्याला बुबुळाचा व्रण म्हणतात. आपल्याकडे शेतीत काम करणाऱ्यांना पान, काडी, कुसळ, कोंडा डोळ्याला लागून असे व्रण होतात आणि त्यांत बुरशीचे पुष्कळ असतात. तिला मोठ्या शहरात पाठवावं लागलं. तिथं व्रणातला बारीक अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. दर तासाला थेंब घालायचे, रात्रीसुद्धा. महिन्यावर उपचार चालले. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल राहिलं. आता त्या डोळ्यानं तिला समोरच्या माणसाची बोटं मोजता येतात, चेहरा ओळखू येत नाही. सुईत दोरा ओवायला ती लेकीला हाक मारते.

आणि ती उरलेली बाटली? तिच्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडनं लाली कमी होते, खुपणं कमी होतं, माणसाला वाटतं औषध लागू पडलं. पण आत बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. डॉक्टर तपासून, ठरावीक दिवसांसाठी देतात तेव्हा हेच औषध उपयोगी पडतं, पण आपल्या मनानं घातलं तर घात करतं. फार दिवस वापरलं तर काचबिंदू, मोतीबिंदूसुद्धा होऊ शकतो. म्हणून घरातल्या प्रत्येक थेंबाच्या बाटलीवरचं नाव शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड. चिठ्ठीशिवाय ते डोळ्यात घालायचं नाही आणि शेजारणीला तर द्यायचंच नाही, कितीही प्रेमाची असली तरी!

तिनं मला कधी बोल लावला नाही. आजही बैठकीला येते, माझ्या शेजारी बसते. पण "बरं ताई" हे तिचे दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत. मी तिला सांगितलेला उपाय चुकीचा नव्हता. चूक एवढीच झाली, की उपाय सांगण्याआधी मी एक प्रश्न विचारला नाही. साथ चालू असली की आपल्याला प्रत्येक लाल डोळा साथीचाच वाटतो. साथीच्या गर्दीत खरं दुखणं असं लपून जातं.

म्हणून आज माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरात कुणाचा डोळा लाल झाला, की पाणी उकळायला ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा.

पहिली, डोळ्याला काही लागलं होतं का? पान, काडी, कुसळ, खडी, वेल्डिंगची ठिणगी, चुना, खत, फवारणीचं औषध? हो म्हणाला तर हे डोळे येणं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. चुना किंवा औषध डोळ्यात उडालं असेल तर आधी तिथल्या तिथं अर्धा तास तरी स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि मगच निघा. अशा वेळी पाणी उकळत बसू नका, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या.

दुसरी, दुखतंय की खुपतंय? वाळू गेल्यासारखं खुपणं साथीत असतंच. पण ठणका लागला, डोकं दुखून उलटी होऊ लागली, उजेडात डोळा उघडवेना, तर थांबू नका.

तिसरी, दिसतंय का? यासाठी दवाखाना लागत नाही. डोळा बोळ्यानं पुसून घ्या, एक डोळा तळव्यानं झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा झाका. डोळे आले तरी पुसल्यावर आकडे दिसायला हवेत. लाल डोळ्यानं दुसऱ्यापेक्षा अंधुक दिसत असेल तर दवाखाना गाठा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं तर काहीच कळत नाही, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून नेतो. आमच्या गटातल्या तिलाही किती दिवस कळलं नव्हतं.

चौथी, बुबुळावर काही दिसतंय का? उजेडात उभं करून बघा. पांढरा ठिपका, ढगाळपणा दिसला तर तो दिवसही घालवू नका.

आणि काही जणांना हे चार प्रश्नही विचारत बसायचं नाही. एक महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, पापण्या सुजल्या असतील, तर ती तातडीची बाब समजा. बाळाला काजळ घालणं, अंगावरचं दूध पिळणं, दृष्ट काढत बसणं यात एक दिवससुद्धा घालवायचा नाही. बाळंतपणाच्या वेळी लागलेला जंतू असू शकतो, त्यातून बाळाची नजर जाऊ शकते. लेकराचे डोळे लाल आहेत आणि सोबत ताप, खोकला, अंगावर पुरळ आहे, तर गोवर असू शकतो. आशाताईंना लगेच सांगा. गोवरात 'अ' जीवनसत्त्वाचे डोस डोळ्यांसाठी फार महत्त्वाचे असतात. ज्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, त्या आजी-आजोबांचा डोळा लाल झाला तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवा. आणि साधी साथ समजून घरी ठेवलेला डोळा तीन-चार दिवसांत कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला, किंवा आठवड्यानंतरही उतार पडेना, तर मनाचा हिशेब थांबवा.

आता शेवटचं, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड. लेकराचा डोळा लाल झाला तर आपण धावतो. नवऱ्याचा झाला तर धावतो. सासूबाईंचा झाला तर रिक्षा करून नेतो. पण आपला झाला तर? "साथच आहे, जाईल." खुरपणीचे दिवस असतात, एक दिवस घरी बसलं तर रोज बुडतो. परभणीला किंवा तालुक्याला जायचं तर जाण्यायेण्याचं भाडं, सोबत कोण येणार हा प्रश्न, घरी स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सापडेपर्यंत आठ दिवस निघून जातात. आणि बुबुळाच्या जखमेला आठ दिवस फार होतात. आमच्या गटातल्या तिचा डोळा माझ्या चुकीनं गेला, शेजारणीच्या बाटलीनं गेला, तसाच तो या आठ दिवसांनीही गेला. दुसऱ्याच दिवशी ती आली असती तर, हे डॉक्टरांचे शब्द मी अजून विसरले नाही.

म्हणून आम्ही गटात आता एक रीत ठेवली आहे. तुम्हीही ठेवून बघा. शेतात कुणाच्या डोळ्याला काही लागलं, की त्याच संध्याकाळी तिनं गटातल्या एकीला सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून दवाखान्यात जायचं. भाड्याचे पैसे गटातून उसने. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला की तपासणी होते, पुढं कुठं पाठवायचं तेही तिथं कळतं. राहिलेल्यांनी तिच्या घरची भाकरी बघायची. एवढं साधं आहे. यात कुणी मोठी समाजसेवा केली असं नाही, पण गेल्या पावसाळ्यात याच रीतीनं एकीच्या डोळ्यातलं कुसळ दुसऱ्याच दिवशी निघालं आणि चार दिवसांत ती परत कामाला लागली. खत टाकायला, पाचट काढायला, मळणीला जाताना साधा प्लास्टिकचा चष्मा लावायचा, हेही आम्ही ठरवलंय. पहिल्या दिवशी बायका हसल्या. "हिरॉईन दिसतेस गं!" म्हणाल्या. आता कुणी हसत नाही.

पावसाळा दरवर्षी येणार, डोळ्यांची साथही अधूनमधून येणार. तिला घाबरायचं कारण नाही. पाणी, हात आणि कापड सांभाळलं तर ती घरातल्या घरात आटोक्यात राहते, बहुतेकांना कसलंही औषध न लागता जाते. फक्त घरच्या उपचारालाही एक उंबरठा असतो आणि तो ओलांडायची वेळ कधी आली, हे ओळखता आलं पाहिजे. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला फोनवर म्हणाली, "माझा डोळा आलाय, काय करू?", तर हातातलं लाटणं क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी विचारा, "अगं, डोळ्याला काही लागलं होतं का?"

मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.